आधी कान, मग अक्षर : गाणे, ताल आणि हालचाल यांतून ध्वनिशिक्षण

पालकभेटीच्या दिवशी पहिली-दुसरीच्या वर्गाबाहेर उभे राहणारे पालक आम्हांला दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला प्रश्न तरुण आईवडिलांचा असतो : "सर, ही मुलं टाळ्या वाजवतात, पाय आपटतात, ढोलकीवर तांदूळ नाचवतात, मग अभ्यास कधी करतात?" दुसरा प्रश्न आजोबांच्या वयाची माणसे विचारतात आणि तो विचारताना त्यांचा स्वर थोडा कठोर होतो : "ज्या हलगीपासून आपण सुटलो, ती शाळेत परत कशाला?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पालकभेटीच्या घाईत त्यांना पुरेसे उत्तर देता येत नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने आमची भूमिका सविस्तर मांडण्याची संधी मिळाली आहे, ती आम्ही घेत आहोत.

कानांवरची बंदी

शिक्षणाच्या इतिहासात आपल्या समाजावर लादलेली पहिली बंदी पाटीवर नव्हती, कानावर होती. वेदपठण ऐकणाऱ्या शूद्राच्या कानांत वितळलेले शिसे किंवा लाख ओतावी, असे गौतम धर्मसूत्र सांगते. ही शिक्षा प्रत्यक्षात किती वेळा दिली गेली, हा इतिहासकारांच्या वादाचा विषय असू शकेल. पण ती लिहून ठेवावीशी वाटली, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे. ज्ञान ज्या काळी मुखातून कानात आणि कानातून स्मरणात जात होते, त्या काळी कान बंद करणे म्हणजे शाळेचे दार बंद करणे होते. विसाव्या शतकातही ही बंदी वेगळ्या रूपाने शिल्लक होती. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये बाबासाहेबांना संस्कृत शिकू दिले गेले नाही आणि त्यांना पर्शियन घ्यावी लागली, हे आपण सारे जाणतो.

बाबासाहेबांनी 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सभेच्या वतीने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू झाले. आपली निवासी शाळा याच परंपरेतली आहे. मुलाला राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण देणे हे या परंपरेचे पहिले पाऊल होते. त्याचे कान, जीभ आणि देह शिक्षणासाठी मोकळे करणे हे त्यापुढचे पाऊल होय, अशी आमची धारणा आहे. म्हणूनच लहान मुलांच्या ध्वनिशिक्षणाकडे आम्ही विरंगुळा म्हणून पाहत नाही.

अक्षरापूर्वी आवाज

मूल शाळेत येते तेव्हा त्याला हजारो शब्द बोलता येतात, पण शब्द हा तुकड्यांचा बनलेला असतो, हे त्याला ठाऊक नसते. 'शाळा' हा त्याच्या दृष्टीने एक अखंड आवाज असतो. त्या आवाजाचे 'शा' आणि 'ळा' असे दोन भाग होतात आणि 'शा'च्या आरंभी असलेला आवाज 'शेत' आणि 'शिंग' यांच्याही आरंभी आहे, हे ज्याच्या कानाला कळले, त्याला 'श' हे अक्षर शिकवायला वेळ लागत नाही. ज्याला ते कळलेले नाही, त्याच्यापुढे फळ्यावर कितीही वेळा 'श' गिरवला, तरी त्याच्यासाठी ते एक चित्रच राहते. वाचनात मागे पडणाऱ्या मुलांपैकी कित्येकांची अडचण डोळ्यांत नसते. आवाज सुटा करून ऐकण्याची सवय त्यांना लागलेली नसते.

ही सवय टाळीने लागते. आम्ही आपल्या उपनगरातल्या रेल्वे स्थानकांचा खेळ खेळतो. एक मूल गार्ड होते, बाकीची गाडीचे डबे होतात. घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप, नाहूर, मुलुंड अशी स्थानके क्रमाने येतात आणि प्रत्येक नावाला मुले जितके तुकडे ऐकू येतील तितकी पावले टाकतात. भां-डुप : दोन पावले. मु-लुंड : दोन. घाट-को-पर : तीन. वि-क्रो-ळी : तीन. पश्चिम मार्गावरची मुले मग अंधेरी आणि बोरिवली मागतात. 'अंधेरी'ला तीन पावले पडतात, यात वाद होत नाही. 'बोरिवली'वर मात्र दरवर्षी भांडण होते : घाईने बोलणारा तीन पावले टाकतो आणि सावकाश बोलणारा चार. दोघांचेही बरोबर असते. ते भांडण आम्ही मिटवत नाही, कारण त्या क्षणी सहा वर्षांची मुले उच्चारशास्त्राचा एक खरा प्रश्न सोडवत असतात.

मराठीच्या लेखनातील एक महत्त्वाची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. 'कमळ' लिहिताना आपण तीन अक्षरे लिहितो, पण बोलताना 'क-मळ' असे दोनच तुकडे उच्चारतो. 'पिंपळ', 'सरपण', 'आंबेडकर' या शब्दांतही लिहिलेल्या काही 'अ'चा उच्चार होत नाही. त्यामुळे ऐकून टाळी वाजवणारे मूल 'कमळ'ला दोन टाळ्या देते आणि पाहून मोजणारे तीन. घरी पालक येथेच मुलाला थांबवतात आणि 'चुकलास' म्हणतात. मूल चुकलेले नसते. त्याने कानाने मोजलेले असते. आम्ही कानाच्या टाळ्या आणि डोळ्यांच्या चुटक्या असे दोन वेगळे खेळ ठेवले आहेत. दोन्हींतला फरक मुलाला स्वतःच दिसू लागला, म्हणजे पुढे शुद्धलेखनाचे निम्मे काम झालेले असते.

आवाज दिसतो, आवाज हाताला लागतो

ध्वनी म्हणजे कंपन, हे वाक्य पाठ करून घेण्यासारखे सोपे दुसरे काही नाही आणि त्याइतके निरुपयोगीही काही नाही. स्टीलच्या वाडग्यावर फाटक्या फुग्याचे रबर ताणून बांधावे, वर मूठभर रवा पसरावा आणि वाडग्याजवळ तोंड नेऊन मोठ्याने 'ऊ' म्हणावे. रवा थरथरतो, सरकतो, जागोजाग गोळा होतो. कोणी हात लावलेला नाही, फुंकर मारलेली नाही. मग मुले आपला तळवा ढोलकीच्या खोडावर ठेवतात आणि दुसऱ्याला वाजवायला सांगतात. मग तीच बोटे स्वतःच्या गळ्यावर ठेवून गुणगुणतात. वाडग्यातील, ढोलकीतील आणि आपल्या गळ्यातील गोष्ट एकच आहे, हा निष्कर्ष मुलांनी काढावा लागतो. आम्ही तो सांगत नाही.

दुसरी अडचण आपल्या भाषेतूनच येते. 'आवाज चढव' म्हटले की मूल अधिक जोराने ओरडते, कारण बोलण्यात आपण स्वराची उंची आणि आवाजाचा मोठेपणा यांत फरक करत नाही. विज्ञानात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या वाढली की स्वर उंच होतो. कंपनाचा आवाका वाढला की आवाज मोठा होतो. माणसाचा कान साधारणपणे सेकंदाला 20 पासून 20,000 पर्यंतची कंपने ऐकू शकतो. हे आकडे सहा वर्षांच्या मुलाला सांगून उपयोग नाही, पण त्याच्या देहाला सांगता येतात. स्वर उंच गेला की हात वर, खाली आला की हात खाली. आवाज मोठा झाला की हात दोन्ही बाजूंना पसरायचे, लहान झाला की छातीशी आणायचे. आता शिक्षकाने बासरीवर अगदी हलक्या फुंकेने उंच स्वर काढला की मुलांचे हात वर असतात आणि छातीजवळही असतात. ढोलकीच्या धुमावर जोराने थाप पडली की हात खाली आणि पसरलेले असतात. पुढे सातवी-आठवीत विज्ञानाच्या पुस्तकात वारंवारता आणि आयाम हे शब्द येतात, तेव्हा या मुलांना ते नवे वाटत नाहीत.

ढोलकी आणि तबला ही या वयासाठी प्रयोगशाळाच आहे. साध्या ताणलेल्या कातड्यावर थाप मारली तर निघणारा आवाज बोथट असतो, त्यात निश्चित स्वर सापडत नाही. तबल्याच्या मध्यभागी लावलेल्या शाईमुळे कातड्याचे वजन मध्याकडे वाढते आणि त्यातून निघणारी कंपने एकमेकांशी जुळतात. म्हणून तबला स्वरात लावता येतो. सी. व्ही. रामन यांनी या विषयावर 1920 मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. त्यांना नोबेल पारितोषिक 1930 साली मिळाले ते प्रकाशावरील कामासाठी. पण त्याआधी दहा वर्षे ते आपल्या वाद्यांच्या चामड्यात विज्ञान शोधत होते, हे 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनी आम्ही मुलांना आवर्जून सांगतो. ती शाई आणि ते कातडे ज्यांच्या हातांनी शतकानुशतके घडवले, त्यांच्या ज्ञानाला कोणी पदवी दिली नाही, हेही सांगतो.

तोंडाच्या आतला नकाशा

आपली वर्णमाला पाठ करताना क, च, ट, त, प हा क्रम असाच का, असा प्रश्न मुलांना पडत नाही आणि पुष्कळ मोठ्यांनाही पडलेला नसतो. हा क्रम म्हणजे तोंडाचा नकाशा आहे. 'क' घशाजवळ, 'च' टाळूवर, 'ट' त्यापुढे जीभ मागे वळवून, 'त' दातांशी आणि 'प' ओठांवर. पालीच्या कच्चायन व्याकरणात 41 वर्ण सांगितले आहेत आणि तेथेही वर्गांची मांडणी अशीच आहे. आम्ही फरशीवर खडूने पाच वर्तुळे काढतो. पहिले घसा, शेवटचे ओठ. शिक्षकाने आवाज काढला की मुलांनी तो स्वतः उच्चारून, जीभ कोठे लागते ते चाचपून, योग्य वर्तुळात उडी मारायची. मुले काही दिवसांतच 'ट' आणि 'त' यांच्या वर्तुळांत अचूक उभी राहू लागतात.

प्रत्येक ओळीतील पाच अक्षरेही देहाने कळतात. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरली तर 'प'ला ती जेमतेम हलते आणि 'फ'ला उडते. बोटे गळ्यावर ठेवली तर 'क'ला गळा शांत असतो आणि 'ग'ला थरथरतो. नाक चिमटीत धरून 'म' लांबवण्याचा प्रयत्न केला तर आवाज बंद पडतो, कारण त्याची वाट नाकातून जाते. मुले खो-खो हसतात आणि अनुनासिक म्हणजे काय ते कायमचे शिकतात. मराठीतील 'च' आणि 'ज' यांचे दोन उच्चार एकाच अक्षराने लिहिले जातात : 'चहा'तला च वेगळा आणि 'चाक'मधला वेगळा, दुनिया या अर्थाचे 'जग' वेगळे आणि 'तू जग' म्हणतानाचे 'जग' वेगळे. लिपी हा फरक दाखवत नाही. येथे कानाशिवाय दुसरा शिक्षक नाही.

'न', 'ण' आणि मुलाचा स्वाभिमान

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला, त्या गोष्टीकडे येतो. आमच्याकडे मुंबईच्या वस्त्यांतून येणारी मुले आहेत, मराठवाडा आणि विदर्भातून आलेल्या कुटुंबांची आहेत. त्यांच्यापैकी अनेक जण घरी 'पानी' म्हणतात, 'लोनी' म्हणतात, कोणी 'ळ'च्या जागी 'ल' किंवा 'य' उच्चारतात. आमच्या पिढीतील कित्येकांनी भरवर्गात अशा एका उच्चारावरून हशा सोसला आहे. मुलाखतीत, कार्यालयात, नाटकाच्या निवडीत, एका 'न'वरून माणसाची जात ताडली जाते, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. अशा हशानंतर मूल उच्चार सुधारत नाही. ते बोलणे कमी करते. वर्गात हात वर करणे थांबवते. जे नुकसान होते ते एका अक्षराचे नसते.

यावर इतिहासाचे उत्तर मोठे गमतीचे आहे. संस्कृतात शब्द 'पानीय' आहे, पालीतही 'पानीय'च आहे, आणि दोन्हीकडे 'न' दंत्य आहे. महाराष्ट्री प्राकृतात 'न'चा 'ण' झाला आणि तेथून मराठीत 'पाणी' आले. म्हणजे वस्तीतील मूल 'पानी' म्हणते तेव्हा त्याचा 'न' मूळ शब्दाशी जुळणारा असतो आणि त्याला हसणाऱ्याचा 'ण' हा पुढे झालेला बदल असतो. यातून 'पाणी' चूक ठरत नाही. भाषा बदलते आणि एका काळी एका भागातील, एका वर्गातील बोली प्रमाण ठरते, एवढाच त्याचा अर्थ. 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' हे शब्द स्पर्शाच्या व्यवहारातून आपण हद्दपार केले. उच्चाराच्या व्यवहारात ते ठेवण्याचे कारण नाही. आमच्या वर्गात 'घरची बोली' आणि 'पुस्तकाची बोली' असे दोन शब्द वापरले जातात.

मात्र येथे थांबणे म्हणजे मुलाची फसवणूक होईल. ज्या जगात त्याला स्पर्धा करायची आहे, तेथे पुस्तकाची बोली लागते. ती त्याला पूर्णपणे यायलाच हवी आणि लाज न वाटता यायला हवी. म्हणून हा फरक आम्ही दुरुस्ती म्हणून शिकवत नाही, तालाचा खेळ म्हणून शिकवतो. 'न'ला हात सपाट आणि बोटांची टोके पुढे. 'ण'ला हाताची बोटे मागे वळलेली, जशी जीभ वळते तशी. मन आणि मण, तन आणि तण, काल आणि काळ, माल आणि माळ, वेल आणि वेळ अशा जोड्या ढोलकीच्या ठेक्यावर फिरतात. आधी केवळ ऐकून हात ओळखायचा, उच्चाराची सक्ती नाही. कानाला फरक स्पष्ट झाला की जीभ आपोआप मागे येते. ज्या कानाला फरक ऐकूच आला नाही, त्याच्या जिभेला दटावून काही साधत नाही. 'विक्रोळी'चा 'ळी' नीट आला की गाडी पुढे सुटते. कोणाचेही नाव घेऊन चूक दाखवली जात नाही, कारण सारा वर्ग एकाच वेळी हात वळवत असतो.

संगीती, वंदना आणि चंक्रमण

तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे भिक्खूंनी एकत्र येऊन धम्म आणि विनय यांचे पठण केले. त्या सभेला 'संगीती' म्हणतात आणि या शब्दाचा मूळ अर्थ एकत्र गाणे, एकत्र पठण करणे असा आहे. तिपिटक श्रीलंकेत लिहून काढले गेले ते इसवी सनपूर्व पहिल्या शतकात. म्हणजे कित्येक पिढ्या बुद्धवचन कंठ आणि कान यांच्या आधारे टिकले. एकाचा शब्द घसरला तर शेजाऱ्याच्या कानाने तो सावरावा, अशी ती सामूहिक व्यवस्था होती. आपल्या निवासी शाळेत सकाळ-संध्याकाळ होणारी वंदना या व्यवस्थेचीच लहानशी आवृत्ती आहे.

वंदना ध्वनिशिक्षणाचा उत्तम पाठ आहे. पालीत 'श' आणि 'ष' नाहीत, केवळ 'स' आहे. म्हणून मराठीतील 'शरण' तेथे 'सरण' होते. 'धम्म' म्हणताना ओठ मिटून क्षणभर थांबावे लागते; 'बुद्ध'मध्ये जीभ दातांमागे थांबते. हा थांबा मुलांना समजावा म्हणून आम्ही जोडाक्षरावर पाऊल रोखायला सांगतो. दीर्घ स्वराला दोन पावले, ऱ्हस्वाला एक. 'सोळस' हा पाली शब्द ऐकला की मुले स्वतःच ओरडतात : सोळा! दोन हजार वर्षांपूर्वीचा 'ळ' त्यांच्या तोंडात असतो.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी येथे शंभराहून अधिक लेणी आहेत. दरवर्षीच्या सहलीत आम्ही मुलांना तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात नेतो आणि इतर लोकांना त्रास होणार नाही अशा हलक्या आवाजात एकच शब्द म्हणायला सांगतो. शब्द संपतो, पण आवाज रेंगाळतो. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. समोरची भिंत 17 मीटरपेक्षा दूर असेल तर परतलेला आवाज वेगळा ऐकू येतो, तो प्रतिध्वनी. चैत्यगृहात मात्र छत, खांब, भिंती यांवरून तो अनेक वाटांनी इतक्या लवकर परततो की मूळ आवाजात मिसळून लांबतो, तो निनाद. अशा जागी घाईने बोलले तर शब्दावर शब्द चढतो, सावकाश बोलले तर प्रत्येक शब्द सुटा राहतो. वंदना संथ का म्हणावी, याचे एक कारण दगडाने सांगितलेले असते. अंधेरीच्या महाकाली लेण्यांतही हा पाठ घेता येतो आणि तेथवर जायला मुंबईकर पालकांना एक सुट्टी पुरते.

चंक्रमण, म्हणजे सजगतेने चालण्याची साधना, ही आमच्या तासाची शेवटची पाच मिनिटे असते. मुले अनवाणी, सावकाश चालतात आणि फक्त ऐकतात. नंतर प्रत्येकाने ऐकलेला एक आवाज सांगायचा : विमान, कुकरची शिट्टी, कावळा, शेजाऱ्याचा श्वास. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत शांततेचा खेळ आहे, त्याच्याशी याचे नाते आहे.

ही पद्धत परकी आहे काय?

स्वित्झर्लंडमधील संगीतशिक्षक एमिल जाक-दालक्रोझ यांना आढळले की, जिनिव्हाच्या संगीतशाळेतील विद्यार्थी कागदावर स्वर लिहितात, पण त्यांना ते मनात ऐकू येत नाहीत. त्यांनी विद्यार्थ्यांना तालावर चालायला लावले आणि त्यातून एक शिक्षणपद्धती उभी राहिली. पण याच विचाराने काम करणारी माणसे आपल्या महाराष्ट्रातही होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डी येथे आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर दलित आणि आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम केले. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. महागड्या परदेशी साधनांच्या जागी खडे, शिंपले, पाने, बिया वापरल्या आणि गाणी, हालचाल, गोष्टी यांना अभ्यासात मानाचे स्थान दिले. आमच्या वर्गातले खुळखुळे चिंचोक्यांचे आणि रव्याचे असतात, ते याच वाटेने आलेले आहेत.

त्याहूनही जुनी शाळा आपल्या घरात होती. जात्याच्या फेऱ्यावर आपल्या आज्यांनी ओव्या रचल्या. हात गोल फिरे, देह पुढेमागे झुले आणि शब्द त्या लयीत बसे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या; त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. झिम्मा, फुगडी, पिंगा यांतही ताल, शब्द आणि हालचाल एकत्रच असतात.

हलगीचा प्रश्न

आता आजोबांच्या प्रश्नाकडे वळतो. गावकीत वाजवणे हे आपल्यासाठी कला नव्हते, सक्ती होती. मिरवणूक दुसऱ्याची, देव दुसऱ्याचा, वाजवणारे हात आपले, आणि मोबदला उरलेली भाकरी. धम्मक्रांतीनंतर अनेक गावांत आपल्या माणसांनी ही कामे नाकारली आणि त्यासाठी मारहाण व बहिष्कार सोसले. हा त्याग ज्यांनी पाहिला, त्यांना नातवाच्या हातात हलगी पाहून वेदना होणे स्वाभाविक आहे. त्या वेदनेचा आम्ही अनादर करत नाही.

परंतु त्याच समाजाने संगीताचे दुसरे रूपही घडवले. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलशातून चळवळ गावोगावी नेली. वामनदादा कर्डकांना अक्षरओळख प्रौढपणी झाली, पण त्यांच्या गीतांनी लाखोंना विचार दिला. आधी कान, मग अक्षर याचे याहून मोठे उदाहरण आम्हांला माहीत नाही. घाटकोपरच्या चिरागनगरात राहणाऱ्या अण्णा भाऊ साठे यांच्या हातीही डफ होताच. बाबासाहेबांनी स्वतः उत्तरायुष्यात व्हायोलिनची आवड जोपासली. फरक वाद्यात नसतो. ते कोणाच्या हुकमावरून आणि कोणासाठी वाजते, यात असतो. आमच्या वर्गात हलगी फक्त एका गटातील मुलांच्या हाती दिली जात नाही. ती सर्वांच्या हाती फिरते, तशीच बासरी, पेटी आणि तबलाही फिरतो. तिचे कातडे तापवले की स्वर का चढतो, हा प्रश्न विचारला जातो. ज्या पालकांना तरीही ती नको वाटते, त्यांच्या मुलाला आम्ही दुसरे वाद्य देतो. सक्तीची आठवण सक्तीने पुसायची नसते.

न ऐकू येणारे मूल

या खेळांचा आणखी एक लाभ होतो. एखादे मूल प्रत्येक वेळी टाळी किंचित उशिरा वाजवते, शेजाऱ्याकडे पाहून हात हलवते, डोळे मिटायला सांगितले की गोंधळते. अशा मुलाला आळशी किंवा ढ म्हणण्यापूर्वी त्याचे कान तपासले पाहिजेत. सतत वाहणारा कान, साचलेला मळ, वारंवारची सर्दी यांमुळेही ऐकणे कमी होते आणि वेळीच लक्ष दिले तर पुष्कळदा उपाय होतो. वांद्रे येथे 1983 पासून अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. उपनगरातील पालकांना ती दूर नाही. ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची इंद्रिये आतल्या कानात शेजारी-शेजारीच असतात. त्यामुळे तालावर चालताना वारंवार तोल जाणाऱ्या मुलाकडेही लक्ष द्यावे.

येथे एक नम्र विनंती करायची आहे. आतल्या कानातील ध्वनिग्राहक पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. जयंतीच्या मिरवणुकीत भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांसमोर खांद्यावर बसवलेले दोन वर्षांचे मूल आम्ही दरवर्षी पाहतो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. आपला आनंद मोठा आहे. पण ज्या कानांसाठी बाबासाहेब झगडले, ते त्यांच्याच उत्सवात निकामी होऊ नयेत.

घरी एवढे करावे

पालकांनी कोणतेही साधन विकत आणू नये. जेवताना ताटातल्या पदार्थांच्या नावांना टाळ्या द्याव्यात. एका अक्षराने सुरू होणाऱ्या वस्तू घरात शोधाव्यात. पेल्यांत कमी-अधिक पाणी भरून चमच्याने हलकेच वाजवावे आणि उंच स्वर कोणत्या पेल्याचा ते मुलाला विचारावे. मुलाची घरची बोली कोणासमोरही दुरुस्त करू नये. पुस्तकाची बोली त्याच्यासोबत खेळत बोलावी. आणि दिवसातून पाच मिनिटे दूरदर्शन संच व मोबाइल बंद ठेवून, शेजारी बसून, नुसते ऐकावे.

माजी विद्यार्थ्यांकडून आमची अपेक्षा वेगळी आहे. आपल्या आजीच्या ओव्या, वडिलांनी जलशात म्हटलेल्या रचना, वस्तीतल्या भजनी मंडळाचे ठेके मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून शाळेला द्यावेत. गाणाऱ्याचे नाव, गाव आणि साल सोबत लिहावे. इतिहासाचा शिक्षक म्हणून आम्ही सांगतो की, आपल्या समाजाची निम्मी कागदपत्रे अजून कंठात आहेत आणि ते कंठ एकेक करून शांत होत आहेत. पहिलीच्या मुलांना ऐकवायला तो ठेवा आम्हांला हवा आहे. कपाट तयार आहे.